चंचल डेस्कटॉप कोणता?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या 'माया' या प्रणालीची बातमी वृत्तपत्रांत आली. इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवरून विंडोज काढायचं, तिथे उबुंटूवर आधारलेली ही देशी प्रणाली बसवायची, सुरुवात दिल्लीतल्या साउथ ब्लॉक या इमारतीपासून करायची आणि तिचा चेहरा विंडोजसारखाच ठेवायचा, म्हणजे वापरणाऱ्यांना जड जाणार नाही, असा त्या बातमीचा गाभा होता. असं काही जाहीर झालं की जाणकार मंडळींकडून दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की ही नुसती रंगरंगोटी आहे, आत तर उबुंटूच. दुसरा असा की उबुंटूच घ्यायचं होतं तर त्याचा स्वतःचा डेस्कटॉप जसाच्या तसा का ठेवला नाही, हे उद्योग कुणी सांगितले? दोन्ही आक्षेप एकाच समजुतीवर उभे आहेत. डेस्कटॉप बदलणं ही रात्री जागून संगणकाशी खेळणाऱ्यांची हौस आहे, कचेरीने मात्र प्रणालीबरोबर जे येतं ते निमूट वापरावं, कारण मूळचं ते स्थिर आणि पर्यायी ते चंचल, अशी ही समजूत. गेल्या पंधरा-वीस वर्षांचा इतिहास पाहिला तर वस्तुस्थिती याच्या उलट दिसते. चंचल निघाला तो मूळचा डेस्कटॉप. जागच्या जागी राहिले ते पर्यायी.

मुळात युनिक्सच्या घराण्यात 'मूळचा' डेस्कटॉप ही कल्पनाच उपरी आहे. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो प्रणालीचं काम सुरू झालं तेव्हा पडद्यावर चौकट काढण्याची यंत्रणा एका जागी आणि ती चौकट कशी दिसावी, कुठे सरकावी याचा निर्णय दुसऱ्या जागी, अशी विभागणी मुद्दाम केली गेली. त्यामुळे पॅनेल, मेन्यू, फाइल उघडणारा प्रोग्रॅम, चौकटींना कडा देणारा विंडो मॅनेजर हे सगळं प्रणालीच्या गाभ्याला हात न लावता काढता-घालता येतं. १९९६ मध्ये केडीई, १९९७ मध्ये ग्नोम आणि त्याच सुमाराला ऑलिव्हिए फुर्दां यांचा एक्सएफसीई निघाला तो या मोकळ्या जागेतच. विंडोजमध्ये चेहरा आणि धड सहजासहजी वेगळं करता येत नाही, म्हणून तिथून आलेल्या माणसाला डेस्कटॉप बदलणं म्हणजे काहीतरी मोडतोड वाटते. इथे ते पॅकेज बसवणं आहे, आणि आत शिरताना लॉगिनच्या पडद्यावर कुठला डेस्कटॉप हवा ते निवडणं आहे. हे नीट लक्षात घेतलं तर 'आत तर उबुंटूच' हा टोमणा बोथट होतो. आत उबुंटू आहे म्हणूनच बाहेरचा थर कचेरीला आपल्या सोयीने ठरवता येतो.

आता चंचलपणाचा पुरावा. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी येतात, आणि संस्था त्याच वापरतात. २०१० च्या १०.०४ मध्ये ग्नोम २ होता: वर एक पट्टी, खाली एक पट्टी, डावीकडे मेन्यू. २०१२ च्या १२.०४ मध्ये तो गेला आणि युनिटी आला. डावीकडे उभी पट्टी, चौकटीचा मेन्यू थेट पडद्याच्या माथ्यावर, आणि प्रोग्रॅम शोधायचा तर नाव टाइप करून. सहा वर्षं लोकांनी त्याची सवय करून घेतली. मग एप्रिल २०१७ मध्ये उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी युनिटी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १८.०४ मध्ये ग्नोम शेल आला, ज्याची मांडणी ग्नोम २ शी नावापुरतीच नातं सांगते. आठ वर्षांत एकाच कंपनीच्या एकाच उत्पादनाचे तीन चेहरे झाले. खुद्द ग्नोमने २०११ च्या एप्रिलमध्ये तिसरी आवृत्ती काढताना चौकट लहान करण्याचं बटणसुद्धा मूळ मांडणीतून काढून टाकलं. केडीईने जानेवारी २००८ मध्ये ४.० काढताना वापरणाऱ्यांची जी तारांबळ उडवली तिच्यातून जुना ३.५ जपणारा ट्रिनिटी हा वेगळा प्रकल्प जन्मला. आता पर्यायी म्हणून ज्यांना नाक मुरडलं जातं त्यांच्याकडे पाहा. ग्नोम ३ नको म्हणून २०११ मध्ये एका अर्जेंटिनी वापरकर्त्याने ग्नोम २ ची संहिता उचलून 'माते' सुरू केला. त्याची मांडणी आजही २००२ च्या ग्नोम २ मधून आलेल्या माणसाला न सांगता कळते. एक्सएफसीईची ४.१२ आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि ४.१४ थेट २०१९ मध्ये, साडेचार वर्षं! संगणकप्रेमी या संथपणाची थट्टा करतात. पण ज्या कचेरीत शेकडो माणसांना दर बदलानंतर पुन्हा शिकवावं लागतं, तिने या संथपणासाठी पैसे मोजायला हवेत, इथे तो फुकट मिळतो आहे.

दिल्लीत घेतलेल्या अशा निर्णयाचं लांबवर काय होतं हे न्यायालयांच्या संगणकीकरणात दिसतं. सर्वोच्च न्यायालयाची ई-कमिटी २००४ च्या डिसेंबरात स्थापन झाली, ई-कोर्ट्स प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ मध्ये सुरू झाला, आणि कमिटीने उबुंटूची स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवलेली आवृत्ती देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांना दिली. त्यासाठी न्यायिक अधिकाऱ्यांतूनच प्रशिक्षक तयार केले. खटल्यांची नोंद ज्या सीआयएस प्रणालीत होते ती एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे शाखेने बनवलेली आहे, तीही मुक्त साधनांवर, आणि ती ब्राउझरमध्ये चालते. म्हणजे लातूरच्या तालुका न्यायालयातला बेंच क्लार्क दिवसभर जे काम करतो ते ब्राउझरच्या चौकटीत. त्याला डेस्कटॉपकडून हवं असतं ते फारच थोडं. ब्राउझर उघडावा, स्कॅन केलेली फाइल सापडावी, छपाई व्हावी, दोन चौकटींत येजा करता यावी. काम इतकं मोजकं असताना त्याच्याभोवतीचा थर दर काही वर्षांनी बदलला तर प्रशिक्षणावरचा खर्च कामाशी संबंध नसलेल्या गोष्टीवर होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला चार वर्षांसाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या मोठ्या कामात पडद्यावरची मांडणी कुणाच्या हातात राहील हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटत असेल, तर त्याने प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाकडे एकदा पाहावं.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते वरवर शहाणपणाचं आहे. मूळ ग्नोमच ठेवा, आणि जुनी मांडणी हवी असेल तर त्याच्यावर एक्स्टेन्शन बसवा. खाली टास्कबार येतो, मेन्यू येतो, सगळं येतं. येतं हे खरं. पण ही एक्स्टेन्शनं ग्नोम शेलच्या आतल्या संहितेला थेट हात घालतात, आणि ती आतली संहिता स्थिर ठेवण्याचं वचन ग्नोमने कधी दिलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आला तेव्हा मोड्यूल जोडण्याची पद्धतच बदलली आणि त्याआधीच्या प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये बदल करावा लागला. यात ग्नोमवाल्यांचा दोष नाही. त्यांनी आपल्या डेस्कटॉपची एक ठाम कल्पना मांडली आहे आणि ते तिच्याशी प्रामाणिक आहेत. दोष आहे तो ती कल्पना मान्य नसताना त्याच डेस्कटॉपला मुरड घालून वापरणाऱ्या संस्थेचा. ज्याला टास्कबार आणि मेन्यू हवा, त्याने ज्यात ते मुळातच आहेत असा डेस्कटॉप घ्यावा. दर सहा महिन्यांनी तुटू शकणाऱ्या जोडणीला 'मूळचं ते स्थिर' म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप जबाबदारीचा आहे. उबुंटूच्या मुख्य आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, तर झुबुंटू किंवा उबुंटू माते यांसारख्या भावंडांना तीनच वर्षं. निविदा काढणारा अधिकारी हा फरक दाखवून विचारेल की उरलेली दोन वर्षं उत्तर कुणाला मागायचं. प्रश्न रास्त आहे, आणि एक्सएफसीई उबुंटूवरच बसवायचा असेल तर त्याला टाळाटाळीचं उत्तर देऊ नये. पण पाया बदलला की प्रश्नाचं रूप बदलतं. डेबियन ही प्रणाली बसवताना ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सक्यूटी यांतून निवड करता येते आणि हे सारे एकाच मुख्य भांडारात असतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या तीन वर्षं आणि पुढे दीर्घ मुदतीच्या गटाकडून आणखी दोन. तिथे कुणी सावत्र नाही. लिनक्स मिंट तर माते आणि एक्सएफसीईच्या स्वतंत्र आवृत्त्या पाच वर्षांसाठी देतो. म्हणजे आधाराची मुदत डेस्कटॉपवर ठरत नाही, ती कोणत्या पायावर डेस्कटॉप उभा केला यावर ठरते. शिवाय केंद्र सरकारच्या २०१५ च्या मुक्त स्रोत धोरणाचा गाभाच असा की सरकारी यंत्रणांनी मुक्त प्रणालीला पहिली पसंती द्यावी आणि ती टाळायची असेल तर कारण नोंदवावं. हे धोरण मान्य करायचं आणि मग 'एकाच कंपनीने दिलेलं तेच बरं' असा पवित्रा घ्यायचा, यात जुनं परावलंबन नव्या नावाने परत येतं. आधार मागायचा तर तो निविदेत लिहून मागावा. एनआयसी आणि सी-डॅक यांच्यासारख्या सरकारी संस्था पॅकेज बांधू शकतात, तपासू शकतात. बॉस ही डेबियनवर आधारलेली प्रणाली सी-डॅकने २००७ पासून चालवली आहे. हे कौशल्य घरात असताना पाच वर्षांची हमी बाहेरून विकत घेणं एवढाच एक मार्ग उरतो असं म्हणणं पटत नाही.

एकजिनसीपणाचा आक्षेप मला तितका अवघड वाटत नाही. सात डेस्कटॉप म्हणजे सात तऱ्हा, म्हणून लिनक्स कचेऱ्यांत रुजला नाही, असं सांगितलं जातं. २००० सालापासून फ्रीडेस्कटॉप या नावाने या सगळ्या प्रकल्पांनी समाईक संकेत ठरवत आणले. प्रोग्रॅमची नोंद कशी करायची, मेन्यूत ती कुठे दिसावी, अशा गोष्टी त्यात येतात. त्यामुळे लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स कुठल्याही डेस्कटॉपवर बसवला तरी त्याच्या मेन्यूत आपोआप दिसतो आणि तसाच चालतो. आणि एकजिनसीपणा हवा असेल तर संस्थेने एक पर्याय निवडून सगळीकडे तोच बसवावा. पर्याय सात आहेत म्हणून सातही वापरा असं कुणी म्हटलेलं नाही. वापरणाऱ्याने पट्टी हलवू नये, भिंतचित्र बदलू नये अशी सक्ती करायची असेल तर केडीईत किऑस्कची सोय कधीपासून आहे आणि एक्सएफसीईतही सेटिंगला कुलूप लावता येतं. म्युनिकचं उदाहरण इथे आवर्जून पुढे केलं जातं: २००३ मध्ये ठरवलं, पंधरा हजारांच्या घरात संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. मात्र तेच लोक फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाचं नाव घेत नाहीत. त्या दलाने आधी ऑफिसचे प्रोग्रॅम आणि ब्राउझर बदलले, लोक त्यांना सरावल्यावर २००८ पासून खालची प्रणाली बदलायला घेतली, आणि ती आजही चालू आहे. तेव्हा विंडोजच्याच एक्सपीवरून व्हिस्टावर जायचं म्हटलं तरी सवयी मोडाव्या लागणार होत्या. डेस्कटॉप बदलण्याचा खर्च मोजायचा तर न बदलताही जो खर्च कंपनी लादते तो वजा करून मोजावा, ही साधी गोष्ट आपल्याकडच्या टिपण्यांत क्वचित आढळते.

यंत्रांचा मुद्दा तर दिल्लीत डोळ्यांसमोर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये साधारण आठव्या पिढीच्या अलीकडचेच चालतात. त्याआधीचे, व्यवस्थित चालणारे लॅपटॉप आणि डेस्कटॉप संगणक नेहरू प्लेसच्या दुकानांत दुरुस्त होऊन विकले जातात, आणि जे विकले जात नाहीत ते शेवटी सीलमपूरसारख्या वस्त्यांत हाताने फोडले जातात, तांबं आणि धातू काढण्यासाठी. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण संगणक कचरा ठरण्याची घटका पुढे ढकलणं हा कुठल्याही नियमापेक्षा स्वस्त उपाय आहे. इथे डेस्कटॉपच्या निवडीला तांत्रिक वजन येतं. ग्नोम शेल पडद्यावरची प्रत्येक हालचाल ग्राफिक्स चिपकडून काढून घेतो. चिप जुनी किंवा तिचा ड्रायव्हर नसेल तर ते सारं काम प्रोसेसरवर पडतं आणि यंत्र रखडतं. एक्सएफसीईमध्ये हा परिणाम देणारा भाग सरळ बंद करता येतो. एलएक्सक्यूटी त्याहूनही हलका. दुरून सर्व्हरवर चालणाऱ्या थिन क्लायंटच्या बाबतीतही हाच फरक जाणवतो, कारण सर्व्हरला ग्राफिक्स चिप बहुधा नसतेच. कुणी म्हणेल की मेमरी खातो तो ब्राउझर, डेस्कटॉप नव्हे. अगदी बरोबर. आणि म्हणूनच चार जीबीच्या यंत्रावर डेस्कटॉपने वाचवलेले काहीशे एमबी ब्राउझरला मिळाले पाहिजेत. त्यावरच ते यंत्र वापरण्याजोगं राहतं की नाही हे ठरतं.

देवनागरीचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि पर्यायी डेस्कटॉपचे कैवारी तो टाळतात हे त्यांना शोभत नाही. पडद्यावर अक्षरं नीट दिसण्याची अडचण नाही. जोडाक्षरं, रफार, वेलांटी जुळवण्याचं काम हार्फबझसारख्या खालच्या थरातल्या सॉफ्टवेअर लायब्ररींत होतं आणि रेड हॅटने प्रसिद्ध केलेले लोहित फाँट कुठल्याही डेस्कटॉपवर सारखेच उमटतात. अडचण टाइप करण्यात आहे. ग्नोमने आयबस ही टंकनाची यंत्रणा आपल्या सेटिंगमध्येच सामावून घेतली आहे. भाषा निवडली की झालं. एक्सएफसीईमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधून मराठी इन्स्क्रिप्ट लगेच मिळतं, कारण तो एक्सकेबी या एक्सच्या कीबोर्ड यंत्रणेचा साधा लेआउट आहे, त्याला आयबसची गरजच नाही. तिथेच मराठीचा एक ध्वन्यात्मक लेआउटही आहे. पण ज्याला रोमन अक्षरांतून लिहून देवनागरी उमटवायची सवय आहे, किंवा ज्या लिपिकाचा हात हिंदी रेमिंग्टनवर बसला आहे, त्याच्यासाठी आयबस वेगळा बसवावा लागतो, लॉगिनबरोबर तो सुरू होईल अशी व्यवस्था करावी लागते, आणि नाही केली तर आयबस आणि डेस्कटॉपचं कीबोर्ड सेटिंग एकमेकांचा लेआउट पुसत बसतात. घरी एकट्याने वापरणारा इथे वैतागून विंडोजकडे परततो, आणि त्याला दोष देता येणार नाही. संस्थेची गोष्ट वेगळी. तिथे एकदा नीट घडवलेली प्रतिमा शेकडो यंत्रांवर उतरते. आयबसने प्रणालीचाच लेआउट वापरावा ही खूण त्या प्रतिमेत एकदाच करायची असते. ते काम कुणी केलंय का, हे ताबा घेण्याआधी लिपिकाला बसवून तपासायला हवं, अधिकाऱ्याला बसवून नव्हे.

अंध कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मी मूळच्या डेस्कटॉपच्या बाजूने आहे. ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम ग्नोमवर सर्वांत नीट चालतो, मातेवरही बरा. एक्सएफसीई मागे आहे. डेबियनने २०१३ च्या नोव्हेंबरात आपला आपसूक बसणारा डेस्कटॉप एक्सएफसीई केला आणि २०१४ च्या सप्टेंबरात पुन्हा ग्नोमवर आणला, त्यामागच्या कारणांत हे एक ठळक होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सरकारी कचेरीला याकडे डोळेझाक करता येत नाही. पण यातून निष्कर्ष असा निघतो की त्या माणसाच्या यंत्रावर ग्नोम असावा, असा नव्हे की त्याच्यासाठी म्हणून सगळ्या इमारतीत ग्नोम असावा.

राहता राहिला वेलँडचा प्रश्न, आणि माझ्या मांडणीची सीमा तिथे आहे. एक्स विंडोच्या जुन्या रचनेत एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमवर टाइप होणारी अक्षरं वाचू शकतो. १९८४ मध्ये ती अडचण नव्हती, आज आहे. एक्सच्या जागी येणारा, २००८ मध्ये सुरू झालेला वेलँड ही उणीव दूर करतो. ग्नोम आणि प्लाझ्मा त्यावर पक्के उभे आहेत, आणि सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ ने एक्सवरचं सत्र आपसूक बंदच ठेवलं. एक्सएफसीईची ४.२० आवृत्ती २०२४ च्या डिसेंबरात आली तेव्हा वेलँडचा आधार प्रायोगिक होता, सिनॅमनचाही तसाच. म्हणजे ज्या संथपणाची मी वर बाजू घेतली तोच इथे आडवा येतो. गोपनीय कागद हाताळणाऱ्या यंत्रावर, मग ते साउथ ब्लॉकमधलं असो की आणखी कुठलं, आज प्लाझ्मा किंवा ग्नोम बसवावा. प्लाझ्मात टास्कबार आणि मेन्यू आहेतच, त्यामुळे विंडोजची सवय असणाऱ्याला तिथेही परकं वाटत नाही. उरलेल्या, म्हणजे ब्राउझरपलीकडे फारसं काही न चालणाऱ्या यंत्रांवर एक्सएफसीई किंवा माते आणखी काही वर्षं बिनघोर चालेल, पण बाहेरचे प्रोग्रॅम बसवायची मुभा वापरणाऱ्याला दिलेली नसेल तरच. आणि निविदेत प्रणालीच्या नावाशेजारी डेस्कटॉपचं नाव, तो एक्सवर चालणार की वेलँडवर, आणि तो बदलायचा झाल्यास किती महिने आधी कळवायचं, एवढ्या तीन ओळी असायला हव्यात.